जॉर्ज गर्श्विन: उसने घेतलेले सूर आणि त्यांचा परतीचा प्रवास

घरात पेटी असेल तर ती उघडा आणि पांढरी एकला ‘सा’ धरा. या पट्टीत कोमल गंधार काळी दोनवर येतो आणि शुद्ध गंधार तिला लागून असलेल्या पांढरी तीनवर. ‘सा’ आणि ‘प’ दाबून ठेवून हे दोन्ही गंधार एकदम वाजवा. कानाला टोचेल. आता तेच जरा वेगळं करून बघा. बोट काळी दोनवर टेकवा आणि चुकून निसटल्यासारखं लगेच पांढरी तीनवर घसरू द्या. टोचणं जातं आणि त्या जागी हुरहुर लागते. धड आनंद नाही, धड दुःख नाही, असं काहीतरी.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांच्या गळ्यात हा सूर मुळातच होता. त्यांचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध कुठेतरी लागायचा, निषादाचंही तसंच. गळ्याला मींड घेता येते, पियानोला ती सोय नाही. म्हणून पियानोवाल्यांनी दोन पट्ट्यांवरून बोट घसरवायची युक्ती काढली. या सुराला ‘ब्लू नोट’ म्हणतात. आपल्याला जोग रागामुळे दोन गंधार परके नाहीत, पण जोगात आरोहाला शुद्ध आणि अवरोहाला कोमल असा कायदा आहे. ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या गाण्याच्या प्रकारात दोन्ही गंधार एकाच जागेवर हक्क सांगतात आणि त्यांचा निवाडा कधीच होत नाही. निवाडा न होणं हीच त्यातली गंमत.

जॉर्ज गर्श्विन या अमेरिकन संगीतकाराचं सगळं आयुष्य मला या एका सुराभोवती फिरताना दिसतं. तो जन्मला 26 सप्टेंबर 1898 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबात. म्हणजे हा सूर त्याच्या घरातला नव्हता. तो त्याने ऐकून, शोधून, मागून घेतला. मग त्यावर त्याचा अधिकार किती? हा प्रश्न त्याच्या हयातीत विचारला गेला आणि आजही विचारला जातो. विचारायलाच हवा. मात्र त्याचं उत्तर शोधताना तो सूर पुढे कुठे गेला हेही पाहावं लागतं.

घरात पियानो आला तेव्हा जॉर्ज साधारण बारा वर्षांचा होता. पियानो घेतला होता थोरल्या भावासाठी, आयरासाठी. पण जॉर्जच त्यावर बसला आणि एक लोकप्रिय गाणं वाजवू लागला. शेजारपाजारच्या पियानोंवर त्याने आधीच हात साफ करून घेतला होता. आयराने पियानोचा हट्ट सोडला आणि पुढे तो शब्दांकडे वळला. जॉर्जच्या बहुतेक गाजलेल्या गाण्यांचे शब्द आयराचे आहेत.

पंधराव्या वर्षी शाळा सोडून जॉर्ज आठवड्याला 15 डॉलरच्या नोकरीला लागला. ही नोकरी समजून घ्यायला हवी, कारण त्याचं खरं शिक्षण तिथेच झालं. रेडिओ घरोघरी पोचायच्या आधी गाणं विकलं जायचं ते छापील नोटेशनच्या रूपात. लोक कागद विकत घ्यायचे आणि घरच्या पियानोवर वाजवायचे. हा छापखान्यांचा धंदा न्यूयॉर्कमध्ये ज्या भागात एकवटला होता, त्याला टिन पॅन ॲली म्हणत. प्रत्येक प्रकाशकाकडे छोट्या छोट्या खोल्यांत पियानो आणि त्यावर एकेक पोरगा. नाटकवाले, गायक-गायिका यायचे आणि हा पोरगा दिवसभर नवी गाणी वाजवून दाखवायचा. गायिकेला पट्टी वर हवी? वर. खाली हवी? खाली. जागच्या जागी, न अडखळता. अशी काही वर्षं काढली की गाणं कशाने चालतं आणि कशाने पडतं हे बोटांनाच कळू लागतं. 1919 मध्ये त्याने ‘स्वानी’ लिहिलं, पुढच्या वर्षी अल जॉल्सन या तेव्हाच्या बड्या गायकाने ते उचललं आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी गर्श्विन देशभर माहीत झाला.

दिवसाची शाळा टिन पॅन ॲली होती, तशी दुसरी शाळा हार्लेममध्ये, न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्तीत होती. तिथे जेम्स पी. जॉन्सन, विली ‘द लायन’ स्मिथ, लकी रॉबर्ट्स असे कृष्णवर्णीय पियानोवादक ‘स्ट्राइड’ वाजवत. स्ट्राइडमध्ये डावा हात सतत उड्या मारतो: एकदा खाली खर्जाच्या सुरावर, एकदा मधल्या कॉर्डवर, म्हणजे एकदम वाजवलेल्या तीन-चार सुरांवर. म्हणजे तबला आणि डग्गा दोन्ही डाव्या हाताकडे. उजवा हात त्यावर मोकळा खेळतो. गर्श्विन यांना ऐकायला जायचा, ओळखी काढायचा, त्यांच्या बैठकींत बसायचा. जॉन्सन त्याच्याहून चार वर्षांनी मोठा, आणि पियानोवर निर्विवाद उस्ताद. हे नाव लक्षात ठेवा.

आता 1924 कडे येऊ. पॉल व्हाइटमन हा लोकप्रिय नाच-वाद्यवृंदाचा गोरा चालक. जॅझ हे ‘सभ्य’ सभागृहात ऐकण्याजोगं संगीत आहे हे त्याला दाखवून द्यायचं होतं. त्याने गर्श्विनशी एका मोठ्या रचनेबद्दल बोलणं केलं होतं आणि गर्श्विनने ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. जानेवारीच्या सुरुवातीला आयराने पेपरात वाचलं की जॉर्ज गर्श्विन एका जॅझ कॉन्चेर्टोवर, म्हणजे एक वाद्य आणि वाद्यवृंद यांच्या मोठ्या रचनेवर काम करत आहे. कार्यक्रम 12 फेब्रुवारीला. हातात जेमतेम महिना. बॉस्टनला जाताना आगगाडीच्या खडखडाटात रचनेचा पूर्ण आराखडा आपल्याला ऐकू आला, असं गर्श्विनने पुढे सांगितलं आहे.

रचनेचं नाव ‘ऱ्हाप्सडी इन ब्लू’. ऱ्हाप्सडी म्हणजे पाश्चात्त्य संगीतातला मोकळ्या घडणीचा प्रकार, ज्यात रचनाकार मनाला येईल तसा एका कल्पनेवरून दुसरीवर जातो. गर्श्विनने पियानोसाठी लिहायचं आणि वाद्यवृंदातल्या प्रत्येक वाद्याचा भाग बांधायचा व्हाइटमनच्या अरेंजरने, फर्डी ग्रोफेने, अशी वाटणी होती. हिंदी सिनेसंगीत ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना ही व्यवस्था नवी वाटणार नाही. मुंबईत संगीतकार चाल बांधायचा आणि ॲन्थनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा असे गोव्याचे अरेंजर व्हायोलिन-ट्रम्पेटचे कागद लिहायचे. आपल्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’मधल्या स्विंगमागेही गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होताच. फरक एवढा, की ग्रोफेचं नाव जग आजही घेतं. आपल्या अरेंजरांची नावं पडद्यावर क्वचितच आली, आणि ते मला खुपतं.

ऱ्हाप्सडीची सुरुवात ही जगातल्या सर्वांत ओळखीच्या सुरुवातींपैकी एक. क्लॅरिनेट खालच्या सुरावर थरथरते, मग वर चढत जाते, आणि मधेच पायऱ्या विरघळून तिची एकच लांब, हसरी, किंचित वेडावणारी मींड होते. गर्श्विनने कागदावर लिहिली होती सरळ सतरा सुरांची चढण, सुटी सुटी. तालमीत क्लॅरिनेटवादक रॉस गॉर्मनने गंमत म्हणून ती घसरवत वाजवली. गर्श्विनला ती इतकी आवडली की त्याने सांगितलं, अशीच वाजव, शक्य तितकी रडव. क्लॅरिनेटवर हे सोपं नाही. बोटं छिद्रांवरून एकेक करून उचलायची नसतात, हळूहळू सरकवायची असतात, आणि त्याच वेळी ओठांची व घशाची पकड बदलत सूर वर खेचायचा असतो. पेटीवर जे आपण बोट घसरवून नुसतं सुचवलं, ते या क्लॅरिनेटने खरोखर करून दाखवलं.

एओलियन हॉलमधला तो कार्यक्रम लांबलचक होता. ऱ्हाप्सडी शेवटून दुसरी. तोवर श्रोते कंटाळले होते. मग ती मींड आली आणि सगळे सावरून बसले. पियानोवर स्वतः गर्श्विन होता. त्याच्या एकट्याच्या वादनाचा काही भाग अजून कागदावर उतरलाच नव्हता, म्हणून व्हाइटमनच्या प्रतीवर तिथे एवढंच लिहिलेलं: मान डोलवण्याची वाट पाहा. म्हणजे गर्श्विन आपल्या मनाने वाजवणार, संपलं की मान हलवणार आणि मग वाद्यवृंद उठणार. तबलजी गवयाच्या मुखड्याची वाट बघतो, अगदी तसं.

ही रचना निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. अमेरिकन संगीतकार आणि वाद्यवृंदचालक लेनर्ड बर्नस्टाइनने 1955 मध्ये लिहिलं की यात एकेक सुंदर परिच्छेद खळीने चिकटवले आहेत. मधला तुकडा काढला, पुढचा मागे केला, तरी ऱ्हाप्सडी ती ऱ्हाप्सडीच राहते. बरोबर आहे त्याचं. पण ती चाल एकदा ऐकली की विसरता येत नाही हेही त्यानेच मान्य केलं, आणि ती रचना तो आयुष्यभर वाजवत राहिला.

गर्श्विनलाही आपली उणीव माहीत होती. पुढच्याच वर्षी त्याने ‘कॉन्चेर्टो इन एफ’ लिहिला आणि त्याचे वाद्यवृंदाचे सगळे कागद स्वतः लिहिले. 1928 मधल्या ‘ॲन अमेरिकन इन पॅरिस’साठी त्याने पॅरिसच्या टॅक्सींचे भोंगे विकत आणले आणि वाद्यवृंदात बसवले. राव्हेल या फ्रेंच संगीतकाराकडे त्याने शिकवणी मागितली, पॅरिसच्या नामवंत शिक्षिका नादिया बुलांजेकडे मागितली. दोघांनीही नकार दिला, आणि कारण साधारण एकच होतं: याला शिकवायला गेलो तर याचं आहे तेही बिघडेल. तरी तो 1932 पासून जोसेफ शिलिंगर या संगीतशिक्षकाकडे काही वर्षं नियमाने शिकायला गेला. एवढं नाव झाल्यावर शिष्य म्हणून कुणापुढे बसणारा माणूस मला मोठा वाटतो.

इथे जेम्स पी. जॉन्सनकडे परत येऊ. त्यालाही मोठ्या रचना लिहायच्या होत्या आणि त्याने लिहिल्या. ‘यामेक्रॉ’ ही त्याची ऱ्हाप्सडी 1928 मध्ये कार्नेगी हॉलमध्ये झाली, पियानोवर फॅट्स वॉलर होता. त्याने सिंफनीही लिहिली. पण गर्श्विनसाठी जी सभागृहं सताड उघडी झाली, ती जॉन्सनसाठी किलकिली झाली आणि मिटली. विल्यम ग्रँट स्टिल या कृष्णवर्णीय संगीतकाराचं उदाहरण आणखी बोचरं आहे. ‘यामेक्रॉ’चे वाद्यवृंदाचे कागद त्यानेच लिहिले होते. 1921 च्या ‘शफल अलाँग’ या कृष्णवर्णीयांच्या संगीतिकेत तो ओबो वाजवायचा आणि वाजवताना आपल्या मनाच्या फिरती घ्यायचा. त्यातली एक फिरत गर्श्विनच्या 1930 च्या ‘आय गॉट रिदम’ या गाण्यात आली, असं त्याच्या जवळचे लोक म्हणत. स्टिलच्या ‘ॲफ्रो-अमेरिकन सिंफनी’च्या तिसऱ्या भागात तशीच सुरावट ऐकू येते. कोणी कोणाचं घेतलं याचा निकाल लावता येत नाही. नाव आणि पैसा कोणाकडे गेला हे मात्र स्पष्ट आहे. गर्श्विनवर प्रेम करणाऱ्याने ही बाजू डोळ्याआड करू नये.

आता ते गाणंच उलगडू, कारण गर्श्विनचा खरा प्रभाव समजायला ऱ्हाप्सडीपेक्षा ‘आय गॉट रिदम’ जास्त उपयोगी आहे. सुरुवातीची सुरावट आपल्या भाषेत अशी: मंद्रातले प, ध आणि मग मध्य सप्तकातले सा, रे. पुढची ओळ त्याच वाटेने उलटी: रे, सा, ध, प. बस. चार सूर, चारही भूपात बसतील असे. मग इतक्या साध्या सुरांत झिंग कुठून येते? लयीतून. चार मात्रांचा ठेका धरा. पहिली मात्रा रिकामी सोडा आणि मग प, ध, सा प्रत्येकी दीड मात्रेचे म्हणा, ‘रे’ पुढे लांबवा. टाळी एकीकडे पडते आणि सूर दुसरीकडे. ठेका आणि सूर यांच्या या खेचाखेचीला तिकडे सिंकोपेशन म्हणतात. हाताने टाळी देत गाऊन बघा, पहिल्या दोन-तीन खेपांना हात तरी चुकेल नाहीतर गळा तरी.

गाण्याची बांधणी अशी: आठ बारची एक ओळ, तिचीच पुनरावृत्ती, मग आठ बारचा वेगळा भाग, आणि शेवटी पुन्हा पहिली ओळ. एक बार म्हणजे चार मात्रा, म्हणजे आठ बार हे तीनतालाची दोन आवर्तनं. मधल्या वेगळ्या भागाला अंतरा समजा. गर्श्विनने शेवटी दोन बारचं शेपूट जोडलं होतं, जॅझवाल्यांनी ते छाटून बरोबर 32 बार ठेवले. या 32 बारांत कॉर्ड एका ठरावीक क्रमाने बदलतात. तबल्याच्या ठेक्यावर जसा गवई आवर्तनाचं भान ठेवून विस्तार करतो, तसा जॅझ वादक या कॉर्डच्या चक्राचं भान ठेवून नव्या सुरावटी रचतो. मूळ चाल एकदा वाजवायची, मग ती बाजूला ठेवायची आणि चक्र फिरत ठेवायचं.

हे चक्र वादकांना इतकं आवडलं की त्याला ‘रिदम चेंजेस’ असं नावच पडलं. आजही जॅझ शिकणाऱ्याला बारा बारच्या ब्लूजबरोबर हे पाठ करावं लागतं. त्यावर लेस्टर यंगने 1939 मध्ये ‘लेस्टर लीप्स इन’ बांधलं. चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांचं ‘ॲन्थ्रोपॉलॉजी’, थेलोनियस मंकचं ‘रिदम-अ-निंग’, सॉनी रॉलिन्सचं ‘ओलिओ’, सगळी याच चक्रावरची. व्यवहारी कारणही होतं. कायद्याने चालीवर हक्क सांगता येतो, कॉर्डच्या क्रमावर नाही. जुन्या चक्रावर नवी चाल बांधली की गाणं आपलं, रॉयल्टी आपली. म्हणजे हार्लेमच्या पियानोंवरून जे निघालं, ते ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाटकवस्तीच्या रंगमंचावरून फिरून पुन्हा हार्लेमच्या क्लबांत आलं. या वेळी कृष्णवर्णीय संगीतकारांच्या नावाने आणि गर्श्विनला कधी सुचलं नसतं अशा वेगाने.

‘पोर्गी अँड बेस’ या त्याच्या ऑपेराची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. चार्ल्सटन शहरातल्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीची ही कथा ड्यूबोस हेवर्ड या गोऱ्या लेखकाच्या कादंबरीवरून घेतलेली. 1934 च्या उन्हाळ्यात गर्श्विन साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर फॉली बेटावर जाऊन राहिला. आसपासच्या बेटांवर गुला समाज राहतो. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे हे वंशज. त्यांची बोली आणि गाणं एकाकीपणामुळे बरंचसं टिकून राहिलं. त्यांच्या प्रार्थनासभेत टाळ्या आणि पायांचे ठेके एकमेकांत गुंफत ‘शाउटिंग’ चालायचं. हेवर्डने लिहून ठेवलंय की एका सभेत गर्श्विन स्वतःच त्यात शिरला आणि तिथल्या पटाईत माणसाच्या तोडीस तोड ठेका धरू लागला.

ऑपेरा 1935 मध्ये आला. न्यूयॉर्कमध्ये 124 प्रयोग झाले आणि घातलेला पैसा बुडाला. गर्श्विनचा आग्रह होता की कृष्णवर्णीय पात्रं कृष्णवर्णीय गायकांनीच करायची, तोंडाला काळं फासलेल्या गोऱ्यांनी नाही. ही अट पुढेही बहुतेक ठिकाणी पाळली गेली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या रंगमंचावर कृष्णवर्णीय गायिकेला, मॅरियन अँडरसनला, प्रमुख गायिका म्हणून उभं राहायला 1955 उजाडावं लागलं, त्या काळातली ही गोष्ट. 1936 मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरमध्ये प्रयोग ठरला तेव्हा पोर्गी करणारा टॉड डंकन आणि बेस करणारी ॲन ब्राउन यांनी सांगितलं की प्रेक्षागृहात कृष्णवर्णीयांना मज्जाव असेल तर आम्ही गाणार नाही. थिएटरला त्या प्रयोगांपुरतं नमावं लागलं.

आणि तरीही या ऑपेरातली माणसं जुगारी, नशेबाज, भांडखोर आहेत, ही गोऱ्यांच्या नजरेतली कृष्णवर्णीय वस्ती आहे, हा आक्षेप खोटा नाही. कृष्णवर्णीय गायक-नट हॅरी बेलाफाँटेने यावरच्या 1959 च्या चित्रपटात काम करायला नकार दिला. ड्यूक एलिंग्टन या बड्या कृष्णवर्णीय जॅझ संगीतकाराच्या नावावर 1935 च्या अखेरीस छापून आलेल्या मुलाखतीत या संगीतावर जहाल टीका होती. त्यातले काही शब्द आपले नाहीत असं त्याच्या बाजूने नंतर सांगण्यात आलं. मला स्वतःला ही कथा ऐकताना अवघडल्यासारखं होतं आणि ‘समरटाइम’ सुरू झालं की डोळे भरून येतात. दोन्ही खरं आहे.

‘समरटाइम’ ही अंगाई आहे. कोळ्याची बायको क्लारा तान्ह्या बाळाला सांगते की सगळं सुखात आहे, तुझा बाप श्रीमंत आहे. बाप गरीब आहे आणि वादळात बुडणार आहे, त्याला शोधायला गेलेली क्लाराही. पुढे तीच अंगाई बेस त्या पोरक्या बाळाला गाते. बिली हॉलिडेने 1936 मध्येच ती ध्वनिमुद्रित केली, एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँगने 1957 मध्ये, माइल्स डेव्हिसने 1958 मध्ये बिनशब्दांची, तोंड झाकलेल्या ट्रम्पेटवर.

यातलं गर्श्विनने फार थोडं ऐकलं. 1937 मध्ये हॉलिवूडला सिनेमाची गाणी करत असताना त्याचं डोकं भयंकर दुखू लागलं, जळक्या रबराचा वास येऊ लागला, एका कार्यक्रमात वाजवता वाजवता काही क्षण सूर हरवले. ताण आहे, मनाचे खेळ आहेत, असं म्हटलं गेलं. होती मेंदूतली गाठ. शस्त्रक्रियेनंतर 11 जुलैला तो गेला. वय 38.

तीन वर्षांनी, 1940 मध्ये, एलिंग्टनने ‘कॉटन टेल’ ध्वनिमुद्रित केलं. ते लावा. बेन वेब्स्टरचा सॅक्सोफोन सुरू झाला की लय पकडायला थोडा वेळ द्या, गाडी वेगात आहे. मग त्याच ‘रिदम’च्या चक्राची सुरुवात आली की त्यावर हलकेच म्हणा: प, ध, सा, रे. रे, सा, ध, प. चाल वेगळी आहे, माणूस वेगळा आहे, पण सूर बरोबर बसतात.